मामीचं सीतादही

आज कृषी खात्याच्या कामावर, अमरावतीजवळच्या एका शेताच्या बांधावर बसून दहीभाताचा डबा उघडला आणि मला चैन पडेना. तो आंबूस वास आला की मी पातूरजवळच्या मामीच्या शेतात जाऊन पोचते.

तेव्हा मी बारावीत होते. बाबांनी माझं पुण्याचं इंजिनिअरिंग ठरवून टाकलं होतं. मला शेतकी कॉलेज हवं होतं, पण ते बाबांना सांगितलं नव्हतं. त्याच पावसाळ्यात मामांनी कर्जापायी जीव दिला होता. आसपासच्या गावांतूनही तशाच बातम्या येत होत्या. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी घरच्या सवाष्णीनं शेतात दहीभात शिंपायचा, हे आमच्याकडचं सीतादही. मी गेले त्या दिवशी, मामी आता सवाष्ण नाही म्हणून तिची जाऊ ताट घ्यायला पुढे झाली.

"पेरलं म्या, निंदलं म्या," मामी म्हणाली. "मंग दही तू काहून शिंपशीन?"

वेचायला आलेली शकीलाबी मागून ओरडली, "अवो, उरका लवकर! ऊन चढून राह्यलं!"

मामी ताट घेऊन कापसात शिरली. तेव्हा वाटलं, हिला भीतीच नाही. आता आठवतं ते वेगळंच. शिंपायच्या आधीच तिच्या मुठीतून निम्मा भात सांडत होता.

संध्याकाळी अकोल्याच्या एसटीत, बाबांना सांगायचं वाक्य मी आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत. घरी पोचताच दोन्ही विसरले.

"मला शेतकीला जायचंय," एवढंच म्हणाले.

"काहून?" बाबांनी विचारलं.

तिथून पळून जावंसं वाटत होतं. तरी मी त्यांच्यासमोर बसले आणि बोलत राहिले.