तिसऱ्या मजल्यावर बैल सुटला

तो डबा घरात आला त्या दिवशी मी एवढा खूश होतो, की बायकोनं विचारलं, "प्रमोशन झालं का?" डबा म्हणजे बोललेलं ऐकून काम करणारा स्पीकर. मोबाइलमध्ये त्याचं ॲप उघडायचं, तिथं दोन रिकाम्या चौकटी. वरच्या चौकटीत लिहायचं, काय ऐकू आलं की. आणि खालच्या चौकटीत, मग काय करायचं. ठरलेले शब्द कानावर पडले की डबा कामाला लागतो. अंबडच्या कारखान्यात इतकी वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, पण माझं ऐकून निमूट काम करणारं कुणी मला पहिल्यांदाच मिळत होतं. घरातलं तर विचारूच नका.

"दिवेलागण" म्हटलं की दिवा लागेल, अशी सोय मी आधी केली. लागला. बंद केला, पुन्हा म्हटलं, पुन्हा लागला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, बटण तुमच्या हाताशीच आहे."

पण डबा दिव्यासाठी आणलेला नव्हताच. आईसाठी आणला होता.

आई सटाण्याहून आमच्याकडे आली ती खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर. अजून भिंत धरून चालते. बायको शाळेत, मी कारखान्यात. पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर एकटी. सोबतीला बाई ठेवू म्हटलं तर, "तिला चहा कोण करून देईल? मीच ना?" गळ्यात मोबाइल अडकवला तर तो देवघरात नेऊन ठेवायची, पडून फुटेल म्हणून. तिला मोबाइल पडण्याची काळजी. मला कशाची होती ते मी बोलत नव्हतो, पण मशीनपुढे उभा असताना हात सारखा खिशाकडे जायचा. मग उगाच घरी फोन करायचा.

"आई, दूध तापवलंस का?"

"भाऊ, कंपनीत तुला दुसरं काम नाय का?"

तर मी वरच्या चौकटीत लिहिलं, "मी पडले". खालच्या चौकटीत आमचे दोघांचे नंबर. आता आईच्या आवाजात एकदा म्हणून बघायचं होतं.

"आई, म्हण, मी पडले."

"नाय म्हणणार."

"अगं, नुसतं म्हणायचं."

"असं नुसतं म्हणत नसतात. घर ऐकत असतं, भाऊ. आणि तथास्तु म्हणत असतं."

"आई, ऐकायलाच तर आणलाय हा!"

"मग मी काय वेगळं सांगते?"

माणूस मी नट-बोल्टचा, पण घरात अभद्र बोलायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं, की तिच्याऐवजी मीच म्हणून बघावं तर माझीही जीभ रेटेना. मग "मदत" लिहिलं. आई म्हणाली, "असं कोण ओरडतं? टीव्हीतली माणसं."

म्हणून मी हुशारी केली. पडल्यावर माणसाच्या तोंडून आपसूक जे निघतं, तेच लिहिलं. "माय वं!" आता आमची आई पलंगावरून उठताना माय वं म्हणते, बसताना म्हणते, बातम्यांत कांद्याचा भाव ऐकून तर दोनदा म्हणते, हे मी जन्मापासून ऐकत आलोय. त्या वेळी तेवढं आठवलं नाही. साहेबांपुढे उभा असताना फोन वाजला. हेल्मेटचा पट्टाही न लावता घर गाठलं. आई मेथी निवडत होती. "माय वं, तू आता कसा?" म्हणाली, आणि माझ्या खिशात फोन पुन्हा वाजला.

असं रोज व्हायला लागलं. फोन वाजला की सुपरवायझर विचारायचा, "आज मेथी की कोथिंबीर?" मी हसायचो आणि तरी गाडी काढायचो. एखाद्या वेळी खरं असलं तर? शेवटी कंटाळून ते शब्द काढून टाकले. फोन वाजायचा बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

मार्ग काढला बायकोनं. तिनं मला काही विचारलं नाही, आईला विचारलं. "आई, मळ्यात असताना सगळ्यांना तातडीनं बोलवायचं तर काय हाक द्यायचात?"

"बैल सुटला," आई लगेच म्हणाली. "दुसऱ्या कशाला कोणी हातातलं काम टाकत नाय. मला विंचू चावला तेव्हाही मी तेच ओरडले. विंचू म्हटलं असतं तर एखादं माणूस आलं असतं. बैल म्हटल्यावर सासरे ताटावरून उठून आले."

मी चौकटीत "बैल सुटला" लिहिलं. आईनं पदर खोचला आणि मळ्याच्या त्या टोकाला पोचेल अशी हाक दिली. आमचे दोन्ही फोन वाजले आणि समोरच्या फ्लॅटचं दारही उघडलं. आई फारच खूश झाली. घरात बैल नव्हता, त्यामुळे घरानं तथास्तु म्हटलं तरी काही बिघडणार नव्हतं. खालच्या चौकटीत मी आणखी एक भर घातली: फोन लावून झाला की डब्यानं तिला सांगत राहायचं, "भाऊ निघाला आहे."

पुढे बरेच दिवस शांततेत गेले. म्हणजे डब्याचे. माझा हात खिशाकडे जायचा तो जातच होता.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. उचलला तर डब्याचा सपाट आवाज: "बैल सुटला." हातातला घास तसाच टाकून निघालो. फाट्यावर ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. लोकांनी शिव्या दिल्या. एरवी मीही दिल्या असत्या.

दार उघडलं. आई पलंग आणि खिडकीच्या मधे जमिनीवर होती, पाठ भिंतीला टेकलेली. चेहरा उतरलेला, पदर मात्र नीट. डबा म्हणत होता, "भाऊ निघाला आहे. भाऊ निघाला आहे."

"पडलीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बसले," आई म्हणाली. "उठता येईना, एवढंच."

पाय हलवून दाखव म्हटलं. कण्हत का होईना, हलवला. एकट्यानं काखेत हात घालून ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून बायको येईपर्यंत मी तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिलो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लय जोरात आला तू. जिन्यात पाय वाजले तुझे. मी किती वेळा सांगितलं त्याला, भाऊला म्हणावं सावकाश ये, रस्त्यात ट्रक असतात. नाय सांगितलं त्यानं तुला?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला ते येत नाही."

"मग शिकव," आई म्हणाली. "आणि आधी त्याला गप्प कर. म्हणावं, आला भाऊ."