दोन लिप्यांना एकच आकडा

नऊ मे, एकोणीसशे नव्वद. लग्नसराई. निपाणीतल्या आमच्या छापखान्यात मी पत्रिकांचा गठ्ठा कापायला घेतला होता, तेवढ्यात शेजारच्या औषध दुकानदाराने हाक मारली, "आक्का, बेळगावचा फोन हाय, पळा." फोनवर वहिनी होत्या. माझा थोरला भाऊ, अण्णा, सकाळी चहा घेता घेता गेला होता. पत्रिका दुपारी न्यायला येणार होते, म्हणून मी गठ्ठा कापून पुरा केला आणि मग बेळगावची गाडी धरली.

अण्णा बेळगावात खासबागेत राहायचा आणि जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरी करायचा. काम संपल्यावर तिथल्याच मशीनवर, साहेबांना विचारून, त्याला कन्नड-मराठी शब्दकोश रचायचा होता. हा नाद आईमुळे लागला. आई खानापूरकडची, तिला कन्नड येत नव्हतं. एकदा दवाखान्यात नर्सने कन्नडमधून आता जेवा म्हणून सांगितलं, ते आईला कळलं नाही आणि ती संध्याकाळपर्यंत उपाशी बसून राहिली. आम्ही सगळे हसलो, अण्णा हसला नाही. दवाखाना, कचेरी, बसस्टँड... आपलं माणूस जिथे जिथे गप्प उभं राहतं, तिथले शब्द तो कार्डांवर लिहू लागला. शब्द कधीच जमले होते. अडलं ते छपाईपाशी.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, प्रत्येक अक्षराला आकडा द्यावा लागतो. आमच्या छापखान्यातल्या मराठी प्रोग्रॅमचे आकडे ज्याने तो विकला त्याचे खासगी. तोच मजकूर कोल्हापूरच्या छापखान्यात नेला तर कागदावर नुसता कचरा उमटायचा. कन्नड तर त्यात नव्हतंच. तिकडे दिल्लीत सगळ्यांसाठी एक खुली आकडेपद्धत ठरत होती. तिच्यात मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच आकडा. सीमेवरच्या माणसाला आणखी काय पाहिजे, असं अण्णा म्हणायचा. पहिला मसुदा आला तेव्हा त्याने निम्मा कोश टाइप केला. मग मसुदा बदलला, आकडे हलले, केलेलं वाया गेलं. तेव्हापासून, पक्कं झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्याचा हट्ट.

मला हे पटत नव्हतं. गेल्या दिवाळीत मी सरळ सांगितलं, "अण्णा, मराठी माझ्या मशीनवर करू. कन्नड शब्द शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांनी छापून, कापून, डिंकानं चिकटवू. दोन महिन्यांत पुस्तक हातात."

"आणि दुसऱ्या आवृत्तीला कोण चिकटवणार?"

"मी चिकटवीन की."

"आणि तू नसलीस तर? लई घाई गं तुझी. दुकानदारीण ती दुकानदारीणच."

"व्हय, आणि तू दिल्लीची वाट बघत म्हातारा हो."

तो हसला. म्हातारा झाला नाही. छातीत दुखतं हे त्याने वहिनींनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे जाणंही थांबू शकतं असं त्याला वाटलं असावं... त्याच्या हट्टात चूक नव्हती, हे मी आज मान्य करते. फक्त त्या हट्टाला जेवढी वर्षं लागणार होती, तेवढी त्याच्याकडे नव्हती.

तेराव्यानंतर वहिनींनी कार्डांचे डबे माझ्यापुढे ठेवले. "थांबायचं म्हणत होते हे. तुम्ही काय करणार?"

"छापणार," मी म्हटलं. "चिकटवून."

त्यांनी झाकणं सुतळीने बांधून दिली. डबे घेऊन मी शेवटच्या गाडीने निपाणीला आले.

छापखान्यात मूळ प्रतीला शाईचे हात लागतात, कोपरे फाटतात, काम संपलं की ती रद्दीत जाते. उद्या ते आकडे पक्के झाले, तर कुणाला तरी ही कार्डं सुरुवातीपासून लागतील. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन सुरू केलं नाही. हात साबणाने धुतले, कोरे कागद घेतले आणि छापण्यासाठी वेगळी नक्कल म्हणून पहिल्या कार्डापासून सगळं उतरवून काढायला बसले.