विचारून सुई टोचणाऱ्या सरलाबाई

कट्टा गावच्या सरलाबाई आमच्या दशावतार शिबिराच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मला वाटलं, ही बाई शिबिर बंद पाडायला आली. पस्तीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सुई टोचण्याआधी चार वर्षांच्या पोरालाही विचारायच्या, "खंयच्या हातार टोचू?" पोर 'नको' म्हणालं की बाजूच्या बाकावर बसून वाट बघायच्या. रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे.

निवृत्त झाल्यावर त्या मुलांना आणि शिकवणाऱ्यांना तेच सांगत फिरू लागल्या: अंगाला हात लावण्याआधी विचारा. पण आमच्याकडेच का? कुणी तक्रार केली? शिबिरात शिकणारी पंधरा वर्षांची तन्वी तीन दिवस आली नव्हती. ताप आहे, असं आईने कळवलं होतं. आज ती सरलाबाईंच्याच मागून आत आली.

"आमका शिकवूक इली," दाजी माझ्या कानाशी पुटपुटले. आमची सोबत चाळीस वर्षांची. रंगमंचावर मी राजा, ते नारद; शिबिरात शिकवायलाही आम्ही दोघंच.

सरलाबाईंनी खेळ सांगितला. शिकवणाऱ्याने विचारायचं, शिकणाऱ्याने खरं उत्तर द्यायचं. राणीची उभं राहण्याची ढब शिकवायला दाजींनी नेमकं तन्वीलाच पुढे बोलावलं.

"कमरेक हात लावू काय गो, राणीसरकार?" विचारेपर्यंत हात कमरेवर गेलाही होता.

"नको," तन्वी म्हणाली. सगळे हसले. हात तिथेच.

"उत्तर मेळला, दाजी. हात काढा," सरलाबाई म्हणाल्या.

"गुरूक नको म्हणतत?"

"म्हणतत. ह्या पोर परत येतला काय नाय, ता तुमी ह्या 'नको' ऐकतास काय, ह्याच्यारच आसा."

दाजींनी हात काढला. सरलाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी रोज हयसरच असतास. काय बघलात?"

सकाळपासून मी सरलाबाईंवर संशय घेत होतो. दाजींचा हात तन्वीच्या कमरेवर गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो, हे ती येत होती तो आठवडाभर मी पाहत होतो, आणि दर वेळी चहा मागवून विषय बदलत होतो.

"बघलंय," मी म्हणालो. "आणि गप्प रवलंय."

तेच शिबिराच्या समितीला लिहून दिलं. दाजी पिशवी उचलून निघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

तन्वीने ओढणी कमरेला खोचली. "गुरुजी, तुमी समोर उभे रवान दाखवा. मी बघान करतंय."

"हयसर उभो रवलंय तर चालात?" मी विचारलं.

"थोडे मागे."

मी मागे सरलो.