खिशातला पेनड्राइव्ह

त्या वर्षी गणपतीत माझे सासरे घरोघर आरतीला गेले ते शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह घेऊन. तो मीच त्यांना दिला होता, आणि देताना माझ्या डोक्यामागची कटकट जावी एवढाच हेतू होता.

झालं होतं असं. नवरा बोटीवर, मी पुण्यात नोकरी करणारी, आणि मुलीला घेऊन मालवणला सासरी येऊन राहिलेली. माझं काम नकाशे तयार करण्याचं. साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली, पण कंप्युटर स्वतःचा हवा, लिनक्सवर चालणारा हवा, आणि गणपती संपले की लगेच कामाला लागायला हवं. नाही जमलं तर परत पुणे. मुलगी इथल्या शाळेत छान रुळली होती आणि मलाही इथून हलायचं नव्हतं. तरी पुण्याची खोली मी अजून सोडली नव्हती. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कोणी बोलत नसे.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी घालता येणारी फुकट प्रणाली. गुणी आहे, पण वाय-फायची चिप मानवली नाही तर नेट काही केल्या पकडत नाही. मी इंटरनेटवर चार ठिकाणी वाचलं, एक लॅपटॉप ठरवला आणि मोकळी झाले. सासऱ्यांना पटेना. ते बोटीवर इंजिनिअर होते. चालताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पंखासुद्धा घेत नाहीत. नाही चालला तर तो परत पाठवून दुसरा येईपर्यंत तुझी मुदत टळून जाईल, असं त्यांचं म्हणणं. वाद नको म्हणून मी लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह त्यांच्या हातावर ठेवला. तो लावला की लिनक्स त्यावरूनच चालतं, आतल्या फायलींना धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झोपवलेला, म्हणजे स्लीपवर टाकलेला कंप्युटर नीट उठतो का, एवढं बघायचं.

गणपतीत आमच्याकडे कोणीही कोणाच्याही घरी जातो, आणि चाकरमानी हल्ली लॅपटॉप घेऊनच येतात. आरती झाली, प्रसाद हातावर पडला, की सासरे विचारत, "तुझो लॅपटॉप जरा बघूक मिळतलो काय?" गणपतीसमोर नाही कोण म्हणणार? एका काकूंनी मुलाच्या लग्नाचे फोटो पुसले जातील म्हणून लॅपटॉप पोटाशी धरला, तर यांनी मूर्तीकडे हात करून शपथ घेतली. मी सोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं होई. पण कोणत्या लॅपटॉपवर कोणतं बटण दाबलं की तो पेनड्राइव्हवरून सुरू होतो, हे लवकरच त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळू लागलं. ही गोष्ट ते लपवतही नसत.

शेजारच्या घरी मी ठरवलेलाच लॅपटॉप निघाला. सगळं फक्कड चाललं. मी तिथल्या तिथे ऑर्डर टाकायला फोन काढला. ते म्हणाले, आधी वेंगुर्ल्याला माझ्या बहिणीकडे जाऊन येऊ. माझा पारा चढला, तरी गेले. त्यांच्या भाच्याकडेही तोच लॅपटॉप, नाव तेच, रंगही तोच. पेनड्राइव्ह लावला, तर वाय-फायचा पत्ताच नाही. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

"नाव ताच, पण आतली चिप येगळी," सासरे म्हणाले. "आपल्याक खंयची येतली, ता कोणाक म्हायती?"

त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटलं. ठेवलं नाही, कारण मग दिवाळीपर्यंत ऐकवत बसले असते.

विसर्जन होईतो त्यांची एक खात्री पटली होती. एका ठरावीक जातीचं वाय-फाय कार्ड ज्या ज्या घरी होतं, तिथे लिनक्सने एका दमात नेट पकडलं होतं. मग लॅपटॉपचा नाद सोडून कुडाळच्या दुकानातून डेस्कटॉप जुळवून घ्यायचं ठरलं, म्हणजे आत काय जातंय ते समोर दिसेल. दुकानात सासरे एकदम साहेबी मराठीत शिरले. कृपया झाकण उघडा, कृपया कार्डावरचा नंबर दाखवा. दुकानदार वेगळं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारू पाहत होता, तेही त्यांनी गोडीगुलाबीने परतवलं. जितके भाग कमी तितक्या भानगडी कमी, हा त्यांचा बोटीवरचा हिशेब. शेवटी खिशातून पेनड्राइव्ह निघाला. आधी वैतागलेल्या दुकानदाराने सगळं चाललेलं पाहून आमच्यासाठी सोडा मागवला. असा चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी ऑफिसबरोबर मीटिंग होती. साहेबांना मी दिसले, ऐकू आले, नकाशा उघडला. तेवढा सगळा वेळ सासरे दाराबाहेर उभे होते. मीटिंग संपल्यावर आत आले, त्यांनी कंप्युटर झोपवला, जरा थांबले, उठवला. नेट आलं. पुन्हा झोपवला, पुन्हा उठवला.

"आता ती पुण्याची खोली सोड गो," ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले.

मी तिथेच घरमालकाला फोन लावला. माझं बोलणं संपेपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत.