पुणे, पिंपरी-चिंचवडजवळ

पुणे हे पिंपरी-चिंचवडजवळचं एक गाव आहे.

हे वाक्य वाचून ज्यांना राग आला ते पुण्याचे, ज्यांना हसू आलं ते आमचे, आणि ज्यांना काहीच वाटलं नाही ते हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. (त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालेलं असतं.)

मी मूळची लातूरकडची. लग्न होऊन भोसरीत आले आणि आल्या दिवसापासून या शहराची झाले. माहेरचे लोक अजून "आमची सुनंदा पुण्याला असते" असं सांगतात आणि मी दरवेळी फोनवरून ते दुरुस्त करते. पत्रिका येतात, त्यावर पत्ता पुणे. गहुंज्याचं क्रिकेटचं मैदान आमच्या अंगाला, नाव पुण्याचं. गाड्या आमच्याकडे बनतात, मिरवतात पुणेकर! आमच्या वाट्याला काय? ट्रकची रांग आणि दिवसाआड पाणी.

एकच गोष्ट आमची आहे आणि ती कुणाच्या बापाला नेता येत नाही. कबड्डी!

आमच्या गल्लीचा संघ म्हणजे रणझुंजार क्रीडा मंडळ. त्याचा कप्तान संतोष, म्हणजे माझ्या दिरांचा मुलगा संत्या. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे. बाकीचे गडीही असेच, कुणी तळवड्याला, कुणी भोसरीतच. पहिली शिफ्ट करून येतात, मैदानात उतरतात, रात्री जेवून झोपतात. या पोरांना चरबी चढायला वेळच मिळत नाही. मी कंपन्यांना डबे पुरवते, त्यामुळे यांच्या पोटात काय जातं हेही मला माहीत. एकही सामना मी चुकवलेला नाही. पंचांना मी आवाजावरून ओळखू येते आणि ते माझ्याकडे बघायचं टाळतात.

आता वैजूताईंकडे वळू. वैजूताई म्हणजे माझी नणंद. जन्म भोसरीचा, शाळा भोसरीची, गुडघ्यावरची खूणसुद्धा भोसरीच्या रस्त्यावर पडल्याची. पण लग्न होऊन पुण्यात पेठेत गेल्या आणि वर्षाच्या आत भोसरीला "तिकडे" म्हणायला लागल्या!

यंदा आमच्याच मैदानावर स्पर्धा भरली. अंतिम सामना कुणाचा? रणझुंजार विरुद्ध वैजूताईंच्या आळीचा संघ. आदल्या रविवारी त्या आमच्याकडे जेवायला आल्या आणि बासुंदीची वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या शहराबद्दल मला आदरच आहे हो. पण बाहेरगावी कुणी विचारलं तर शेवटी ‘पुण्याजवळ’ असंच सांगावं लागतं ना?"

"मी नाही सांगत."

"मग लोकांना कळतं कसं?"

"न कळायला काय झालं? कळत नाही त्याला मी डबा देत नाही."

"तुमच्याकडे नट-बोल्ट चांगले होतात वहिनी, नाही कोण म्हणतंय? पण खेळाडू जरा..."

मी बासुंदीचं पातेलं आत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन पैज लावली. आमचा संघ जिंकला, तर वर्षभर वैजूताईंना कुणीही "कुठल्या?" असं विचारलं की त्यांनी "पुण्याची, पिंपरी-चिंचवडजवळ" असं सांगायचं. त्यांचा संघ जिंकला तर मी "पिंपरी-चिंचवडची, पुण्याजवळ" असं म्हणायचं. पूर्ण. स्पष्ट. चारचौघांत.

"लागली!" वैजूताई म्हणाल्या. "आता ती बासुंदी आणा."

आमचे हे शेजारीच जेवत होते. हे एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तीस दिवसांत तीस वाक्यं बोलतात, त्यातली अर्धी मशीनशी. ते एवढंच म्हणाले, "दोघींनाही एकच गाव दिलं असतं तर बरं झालं असतं."

अशी पैज लागल्यावर नुसत्या घशावर भागणार नव्हतं. पेठेतले लोक ढोल-ताशा घेऊन येणार हे नक्की होतं. आपल्याकडे पण आपलं काहीतरी वाद्य पाहिजे. जे फक्त आपल्याच शहराचं आहे असं!

ते मला कुदळवाडीत भंगारच्या दुकानात मिळालं. भोंगा! खराखुरा, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या छतावरून उतरवलेला. शिफ्ट सुटताना वाजतो तो. ह्यांनी कुरकुर करत त्याची मोटर बदलली, बॅटरी जोडली, बटण लावलं आणि सगळं एका जुन्या प्रवासी बॅगेत बसवलं.

आम्ही तो दुपारी गच्चीवर नेऊन वाजवून बघितला.

अहाहा! काय आवाज! पोटातून निघून थेट तळवड्यापर्यंत गेला असेल. पण खाली बघते तर निराळाच प्रकार. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यानं शिफ्ट सुटली समजून सगळाच्या सगळा घाणा तेलात सोडला. समोरच्या इमारतीतले पाटोळेकाका तिसरी पाळी करून झोपले होते, ते बनियनवर, एका पायात बूट, खांद्याला पिशवी अशा अवतारात बसच्या थांब्याकडे पळत सुटले. रस्त्यावरच्या दोन मोटारसायकली वळून घराकडे निघाल्या. आणि आमचे हे? स्वतःच्या हातानं बटण दाबून, शांतपणे पाना खाली ठेवून हात धुवायला निघाले! जिन्यापर्यंत गेल्यावर भानावर आले.

"सुनंदा," हे परत येऊन म्हणाले, "हा मैदानात नेऊ नकोस."

"का?"

"आपल्या लोकांच्या रक्तात आहे हा आवाज."

"म्हणून तर! रक्त उसळेल!"

"उसळणार नाही. घरी जाईल."

(मोजून बोलणारी माणसं असं काहीतरी बोलून जातात. आपण लक्ष द्यायचं नसतं.)

शेवटी तडजोड झाली. सामना जिंकल्यावरच भोंगा वाजवायचा, त्याआधी बटणाला हात लावायचा नाही. मी देवाशपथ कबूल केलं. खाली वडापाववाला भांडायला आला होता. त्याचे सगळे वडे मीच घेतले आणि संघाला चारले.

सामन्याच्या संध्याकाळी मी लाल साडी नेसून, भोंग्याची बॅग मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला वैजूताई. समोर पेठेचे ढोल-ताशे. आमचं मैदान गच्च भरलं होतं. सगळे पहिली शिफ्ट करून आलेले, काहींच्या अंगावर अजून कंपनीचा शर्ट. या माणसांकडे बघून मला भरून आलं. (भरून आलं म्हणजे मी जागेवरून उठून ओरडले. माझं तसंच होतं.)

सामना काय रंगला म्हणून सांगू! ते एक गडी मारत, आम्ही एक मारत. वैजूताई शेंगदाणे सोलत माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघत. आम्ही पुढे गेलो की त्यांचे शेंगदाणे थांबत, आम्ही मागे पडलो की सालं माझ्या साडीवर येत. शेवटी वेळ संपत आली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. पण मैदानात आमचा एकच गडी शिल्लक. संत्या! बाकीचे सगळे बाद होऊन कडेला बसलेले.

आता ज्यांना कबड्डी कळत नाही (म्हणजे क्रिकेटवाल्यांना) त्यांच्यासाठी सांगते. चढाई करणाऱ्यानं एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं. दम तुटला की तो बाद. आणि शेवटचा गडी बाद झाला की समोरच्याला त्या गड्याचा एक गुण आणि वर लोणाचे, म्हणजे अख्खा संघ बाद केल्याचे, दोन. म्हणजे संत्यानं ही शेवटची चढाई करून नुसतं जिवंत परत यायचं होतं. कुणाला शिवायचीही गरज नव्हती.

संत्या निघाला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्याला हूल दिली. डावीकडे झुकला, उजवीकडे गेला, चढाईत ओलांडावीच लागते त्या निदानरेषेपलीकडे पाय टाकला आणि मागे फिरला. आता फक्त घरी यायचं!

"वैजूताई," मी म्हणाले, "सराव सुरू करा. पुण्याची, पिंपरी..."

"वहिनी, अजून संपलं नाहीये."

"आमच्याकडे शिफ्ट संपायच्या आत माल तयार असतो!"

आणि मी बटण दाबलं.

भोंगा वाजला. काय वाजला! ढोल-ताशे त्यात बुडून गेले. आणि मध्यरेषेपासून दोन पावलांवर आमचा संत्या, रणझुंजारचा कप्तान, पिंपरी-चिंचवडची शान, थांबला. खांदे सैल सोडले. "हुश्श!" असा मोठा श्वास टाकला. आणि कपाळावरचा घाम पुसला!

दम तुटला होता. पेठेचे गडी आधी बिचकले. त्यांच्याकडे कुणी भोंग्यावर जगत नाही, त्यांना वाटलं काहीतरी डाव आहे. मग सगळे एकदम संत्याच्या अंगावर पडले, पण त्याची गरजच नव्हती. पंचांनी शिट्टी मारून हात वर केला. बाद! एक गुण गड्याचा, दोन लोणाचे. दोन गुणांनी जिंकत असलेले आम्ही एका गुणानं हरलो!

आणि बाकीच्यांचं काय सांगू? कडेला बसलेल्या आमच्या गड्यांपैकी दोघं उठून आपापल्या पिशव्या शोधत होते. प्रेक्षकांतली निम्मी माणसं उभी राहून चपला घालत होती. पाटोळेकाका तर फाटकापर्यंत पोचले होते, पण यावेळी दोन्ही बूट घालून.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दे ती बॅग, जड असेल," एवढंच म्हणाले. बॅग पायाशी घेतली, वाकून काहीतरी केलं आणि थोड्या वेळानं परत माझ्या मांडीवर ठेवली. एवढं होऊनही रागावले नाहीत! मला वाटलं, माया म्हणतात ती हीच.

संत्या जवळ आला. मी त्याला म्हणाले, "अरे, सामना चालू होता हे तुला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं ना काकू! डोकं म्हणत होतं खेळ. पाय म्हणाले, सुट्टी झाली."

"माझं चुकलं रे."

"जाऊ द्या काकू," तो म्हणाला. "फक्त पुढच्या वर्षी टाळ्या वाजवा. टाळ्या आमच्या कंपनीत कुणीच वाजवत नाही."

इथवर ठीक होतं. पण बक्षीस समारंभ सुरू झाला. सर्वोत्कृष्ट चढाईचं बक्षीस संत्यालाच मिळालं. (भोंग्याच्या आधीच्या चढायांसाठी.) मग सर्वोत्कृष्ट पकड. त्यासाठी पेठेच्या कप्तानाला पुकारलं, तर तो पोरगा माइक हातात घेऊन म्हणतो कसा, "हे बक्षीस आम्ही घेणार नाही. सामन्यातली सगळ्यात मोठी पकड आमची नव्हतीच. ती पहिल्या रांगेतल्या लाल साडीवाल्या काकूंनी बसल्या जागेवरून केली!"

सगळं मैदान हसलं. आमची माणसंही हसली! मला व्यासपीठावर बोलावलं. मी बॅग घेऊनच गेले. शाल आली, नारळ आला, आणि निवेदकानं माइक माझ्या तोंडासमोर धरला.

"काकू, आपलं नाव काय?"

"सुनंदा."

"आणि आपण कुठल्या?"

पहिल्या रांगेत वैजूताईंनी कानामागे हात धरला. शेंगदाणे खाली ठेवून!

मी डगमगले नाही. एवढे डबे वेळेवर पोचवणारी बाई आहे मी, संकटात माझं डोकं जास्त चालतं. बॅगेत हात घालून बटण चाचपलं आणि मनात हिशेब केला. शब्द तर पाळायचा. पण पाळताना आवाज झाला, तर तो काही माझा दोष नाही!

"मी पिंपरी-चिंचवडची!" मी खणखणीत आवाजात म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्याच दमात, त्याच आवाजात, बटण दाबून, "पुण्याजवळ!"

भोंगा वाजला नाही.

मैदानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझं "पुण्याजवळ" चारी कर्ण्यांतून निघालं, समोरच्या इमारतींवर आपटलं आणि परत येऊन मलाच ऐकू आलं. नंतर जे झालं त्याला हशा म्हणणं कमीच आहे. पेठवाल्यांनी ढोल वाजवले. वैजूताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

खाली आल्यावर मी ह्यांना विचारलं, "अहो, हा वाजला कसा नाही?"

ह्यांनी खिशातून एक वायर काढून दाखवली. "मगाशीच काढून ठेवली. म्हटलं, त्याचीही शिफ्ट संपली."

तर असं आहे. पैज अजून चालू आहे आणि मी शब्दाची पक्की आहे. बँकेत, लग्नात, लातूरच्या एसटी स्टँडवर, विचारेल त्याला मी पूर्ण उत्तर देते. मात्र पैज सांगण्याची होती. लिहिण्याबद्दल वैजूताई एक अक्षर बोलल्या नव्हत्या, म्हणून तर हा कागद घेऊन बसले. तेव्हा या लेखाचं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. हवं तर मोठ्यानं वाचा, दोनदा वाचा. फक्त कुठे भेट झाली, तर कृपा करून मला "कुठल्या?" असं विचारू नका!