नागोरावाची उलटी उर्दू

नागोराव लढाईवरून परत आला तेव्हा लोकांना वाटलं, आता हा तोफा-बंदुकांच्या गोष्टी सांगणार. पण सहा वर्षांत त्यानं एक गोळी झाडली नव्हती. इंग्रजांच्या फौजेत तो इराकात खेचरांच्या चंदीचा हिशेब ठेवायचा. कोणत्या खेचरानं किती हरभरा खाल्ला, कोणतं लंगडलं, कोणतं मेलं.

"जर्मन हारला तो तुह्या हरभऱ्यानं काय रे?" त्याची आई गयाबाई विचारायची.

"खेचरं उपाशी राह्यली असती त तोफा काय तू ओढल्या असत्या?"

फौजेतून सुटल्यावर हैदराबादेत सुटलेल्या शिपायांसाठी सहा महिन्यांचा हिशेबाचा वर्ग निघाला होता. तो त्यानं केला आणि सनद घेऊन आदिलाबादेत उतरला. वय एकतीस. सनद नवी कोरी, मिशा जुन्या.

अडचण बायकोची होती. फौजेत जायच्या महिनाभर आधी त्याचं लग्न झालं होतं, आणि तेव्हापासून मथुरा तामसीला माहेरीच होती. सासरा अमृतराव वांगी-मिरच्या लावणारा, पण अख्ख्या तामसीत उर्दू वाचता येणारा तो एकटा. सरकारचा कागद उर्दूत यायचा; तो आला की गाव त्याच्या ओट्यावर, त्यामुळे मान जरा ताठच.

"खेचरांच्या मांगं फिरणाऱ्याले पोरगी देली, ते आमचं चुकलं," तो म्हणाला. "आता सरकारी नोकरीचा कागद दाखवा जावईबापू, मंगच मथुरी गाडीत बसन."

नागोराव नोकरी शोधायला लागला. सरकारी जागा मिळेना, म्हणून आधी कापसाच्या कारखान्यात जाऊन पाहिलं. शेटनं विचारलं, "तजुर्बा?"

"छे साल."

"काहे का?"

"खच्चर."

शेट इतका हसला की त्याच्या तोंडातलं पान गादीवर पडलं. "भाई, कपास चंदी नहीं खाती."

मग कळलं की जंगलाच्या लाकडांची सरकारी कचेरी आहे, तिथं एक कारकून पाहिजे. अट दोनच: हिशेब यावा आणि उर्दू यावी. नागोरावाची छाती फुगली. फौजेत उर्दूच्या परीक्षेत तो पहिला आला होता.

कचेरीतले मोठे साहेब म्हणजे मोहतमीम. त्यांनी आधी सागाच्या ओंडक्यांचा हिशेब घातला. बाकीच्यांनी टाक बुडवेपर्यंत नागोरावाचा हिशेब झालासुद्धा. मग साहेबांनी उर्दूत एक अर्ज सांगितला, तो लिहायचा होता. नागोरावानं झरझर लिहिला. साहेबांनी चष्मा लावला, काढला, कागद उलटा धरून पाहिला.

"मियाँ, ये क्या है?"

"उर्दू, हुजूर."

"ये तो अंग्रेज़ी है!"

"पढ़के तो देखिए, हुजूर."

साहेबांनी अडखळत वाचलं. ब-खिद-मत... आणि काय सांगावं, होती ती उर्दूच! गोऱ्यांनी फौजेत उर्दू शिकवली ती ए-बी-सी-डीत. नागोरावाला वाटलं, मराठी नाही का मोडीतही लिहितात आणि बाळबोधीतही? तशी उर्दूही दोन्हीत चालत असेल. सगळी कचेरी पोट धरून हसली. साहेबांनी मात्र हिशेबाचा कागद पुन्हा एकदा पाहिला.

"हिसाब पक्का है. एक महीने में सीधी उर्दू सीखके आओ. उससे ज़्यादा जगह खाली नहीं रखूँगा."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तर गयाबाई म्हणाली, "तामसीचा वांगीवाला हाय ना. त्याले येते."

"आई, तो माही बायको देत नाई, उर्दूचा अलिफ देईन?"

"बायको मांगून पायली. आता अलिफ मांगून पाय."

नागोराव तामसीला जाऊन मारुतीच्या देवळात उतरला. सासऱ्याच्या घरी राहावं तर लोक घरजावई म्हणतील. अमृतरावाला तर देवानंच पाठवल्यासारखं झालं. मळ्यात, वाफ्याच्या काठावर राख पसरून तो बोटानं अक्षरं काढायचा. हातात छडी म्हणून मिरचीचं वाळकं झाड.

"उजवीकडून, जावईबापू, उजवीकडून!"

"मामाजी, सहा वर्षं लेफ्ट-राइट केलं. आता एकदम राइट-लेफ्ट कसं जमन?"

"हातानं लिवा. पायानं काऊन लिवून राह्यले?"

अक्षरं कशीबशी जमली, पण त्यांची टिंबं, म्हणजे नुक्ते, काही केल्या जमेनात. मिरचीचं बी सांडावं तसे तो कुठंही सांडायचा. शेवटी विहिरीवरून मथुरा ओरडली, "बाबा, त्याइले नुक्ते लिवाले नका लावू, मोजाले लावा! मोजणं येते त्याइले."

आणि खरंच, एक खाली बे, दोन वर ते, तीन वर से, असं मोजायला लावल्याबरोबर गाडी चालू लागली.

दुपारी मथुरा भाकर घेऊन यायची आणि त्याच्याकडं पाठ करून बसायची. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघांचं बोलणं सुरू झालं ते तिथं.

"तिकडं काय खात होते?"

"काय मिळन ते. कदी कदी खेचरांचा हरभरा."

"मंग त्याचा हिशेब कोणं ठेवला?"



महिना भरला. कचेरीत नागोराव सहा ओळी लिहिताना असा घामाघूम झाला, जसा इराकच्या उन्हातही झाला नव्हता. उजवीकडून लिहिण्यात एक नवीनच ताप: हात ओल्या शाईवरून सरकतो. पहिल्या तीन ओळी बाहीनंच उचलल्या.

"आधी उर्दू तो आस्तीन ले गई," साहेब म्हणाले. पण नुक्ते एकूण एक जागेवर होते. साहेबांनी हुकूम लिहून दिला.

नागोराव गाडी घेऊन तडक तामसीला. अमृतरावानं चार माणसांदेखत कागद उघडला, खाकरून वाचायला लागला, आणि मधेच थांबला.

"हे काय? उम्मीदवार! बिला तनख्वाह!"

म्हणजे तीन महिने फुकट राबायचं, काम पटलं तर मग कायम.

"मामाजी, कागद म्हणले होते. कागद आणला."

"नोकरीचा म्हणलो होतो! ही उमेदवारी हाय. बिनपगारी माणसाच्या घरी पोरगी काय खेचरांचा हरभरा खाईन? तीन महिन्यानं या."

नागोरावाचं तोंड उतरलं. तेवढ्यात मथुरा गाठोडं घेऊन दारात आली.

"बाबा, मीबी उमेदवार म्हणून जाते. तीन महिने. काम पटलं त कायम, नाई त वापस येते."

"कोणाचं काम पटलं त?" अमृतराव कडाडला.

"त्याइचं," मथुरा गाडीत चढत म्हणाली. "तिथली मोहतमीम मी हाव."