हौसाबाईंचे कांडण

त्या दिवशी दुपारी अणुवीज केंद्राच्या चिमणीतून बाहेर जाणारी हवा मोजणारे यंत्र बंद पडले. थोड्या वेळाने ते सुरू झाले. पुढच्या महिन्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली.

हे सांगितल्याशिवाय माझ्या सासूबाईंची, हौसाबाईंची ओळख करून देता येत नाही. वलवणमध्ये त्यांना सगळे ओळखत ते त्यांच्या कांडणामुळे. गावात भाताची गिरणी आली तरी आमच्या अंगणातले उखळ थांबले नाही. मात्र त्या रोज कांडत नसत. शेजारच्या बंगल्यापुढे साहेबांची गाडी लागली, साहेब जेवले आणि खिडकीचा पडदा ओढला गेला, की आत्याबाई, मी सासूबाईंना हेच म्हणे, पदर खोचून मुसळ उचलत.

साहेब त्याच केंद्रातले अधिकारी. सुट्टीला ते या बंगल्यात येत आणि पाणी आमच्या विहिरीचे पीत. दत्तूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा त्यांचा रेडिओ दुरुस्त करून दिला. तेव्हा ते म्हणाले, "हौसाबाई, पोराच्या हातात कसब आहे. माझ्याबरोबर द्या." त्या उपकाराखातर आत्याबाई दर वर्षी नवा आंबेमोहोर स्वतः कांडून त्यांच्या घरी पोचवत, कारण साहेबांना हातसडीचाच तांदूळ आवडे.

चिमणीतली हवा नळीने ओढून घेणारा एक छोटा पंप केंद्रात होता, आणि मोजणीचे ते यंत्र दत्तू सांभाळत असे. त्या दुपारी त्याचा पट्टा तुटला आणि कागदावर रेघ ओढणारी सुई जागच्या जागी थांबली. दत्तूने लगेच साहेबांना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. जेवणानंतर साहेब आडवे होत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. शेवटी दत्तूनेच नवा पट्टा चढवून पंप चालू केला. बाहेर वावगे काही गेले नव्हते. बाकीच्या यंत्रांनीही तेच दाखवले. पण तेवढ्या वेळाची मोजणी झाली नव्हती. वेळेवर कळवले का नाही, अशी वरून विचारणा आली. साहेबांनी सांगितले, कामावरचा माणूस झोपला होता.

दत्तू गावी परतला, त्याच्या आधी ही गोष्ट पोचली होती. दुकानावर कोणी ना कोणी म्हणेच, "काय दत्तू, जागा हाईस न्हवं? न्हाईतर उडवशील समद्या मावळाला!" सगळे हसत. दत्तूही आधी हसला, मग त्याने दुकानावर जाणे सोडले. कारखान्यांच्या दारात जुन्या नोकरीची चौकशी होई आणि त्याला परत पाठवले जाई. पुढच्या वर्षी काविळीने तो गेला. शेवटी शेवटी तो एकच बोलायचा, "आई, मी जागा हुतो."

"ठावं हाय मला, बाळा," त्या म्हणायच्या.

त्याच्या तेराव्यानंतर साहेब सुट्टीला आले. बंगल्याचा पडदा ओढला गेला आणि आमच्या अंगणात मुसळाचा पहिला घाव पडला.

साहेबांना वाटले, असेल आजचे काम. तिसऱ्या दिवशी ते कुंपणाशी आले. "हौसाबाई, गावात गिरणी आहे ना?"

"गिरणीचा तांदूळ कुटं चालतो तुमाला?"

"पण दुपारीच कशाला?"

"दुपारीच तर मानसाचा डोळा लागतो, साहेब. म्हनलं, जागं ऱ्हावं."

भात संपला की त्या मिरच्या कांडत. मिरच्या संपल्या की कोंडा, आणि कोंडाही नसला तर रिकामे उखळ. तांदूळ इतका कांडला जाई, की साहेबांच्या सुट्टीत आमच्या घरी कण्याच शिजत. मी लोणावळ्याच्या वाचनालयात काम करते. मला आवाज चढवता येत नाही, कुणी चढवलेला सोसत नाही. एकदा म्हटले, "आत्याबाई, पुरे आता. लोक काय म्हणतील?"

"तुजी पुस्तकं त्याला उठवत्यात का?" त्यांनी विचारले. "मंग मला उठवू दे."

साहेब निवृत्त झाले आणि बंगल्यात जास्तच राहू लागले. त्यांनी खिडक्या बंद करून पाहिल्या, मागच्या खोलीत खाट हलवून पाहिली. मुसळ जमिनीतून ऐकू जाते. एका दुपारी ते कुंपण ओलांडून आत आले. डोळे लाल, सदऱ्याची गुंडी चुकलेली. म्हणाले, "दत्तू जागा होता. मला माहीत होतं. झालं समाधान?"

आत्याबाईंनी मुसळ थांबवले. इतक्या वर्षांत भर कांडणात ते थांबलेले मी प्रथमच पाहिले.

"ह्ये दुकानावर चला आन् सांगा," त्या म्हणाल्या. "जितं त्याला हसले, तितं."

साहेबांनी चुकलेली गुंडी नीट लावली. "ते नाही जमायचं. माझं काही नाव आहे, हौसाबाई."

"माझ्या पोराचं बी हुतं."

आणि मुसळ पुन्हा पडू लागले.

गेल्या थंडीत त्या अंथरुणाला खिळल्या. हात उचलवेना. एका दुपारी मी उशाशी वाचत बसले होते. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारले, "गाडी आली का?"

"आली."

"पडदा?"

"ओढला."

"मंग हितं काय बसलीस?"

मी पुस्तक मिटले. अंगणात जाऊन मुसळ उचलले. ते मला वाटले होते त्याहून जड होते. हाताला फोड येईपर्यंत कांडले आणि आत आले. त्या भिंतीला कान लावून ऐकत होत्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दहाव्याला साहेब आले. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. आता तरी संपवा हे."

मी त्यांना दुकानाची वाट दाखवली. ते बंगल्याकडे वळले.

आत्याबाई नाहीत, दत्तू नाही. साहेब आहेत, त्यांची दुपार आहे, आणि मुसळ माझ्याकडे आहे.